कोपऱ्यातले सहा नाग

यज्ञेश्वर कारखानीस नाग पाळतात, हे भैरवगढात आता कुणाला नवीन नव्हतं. संस्थान होतं तेव्हा ते जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. संस्थान गेलं, पाठोपाठ दवाखाना गेला, नवं राज्य झाल्यावर उरलीसुरली कचेरीही भोपाळला गेली. यज्ञेश्वरांनी मात्र तोवर मागच्या पडवीत नागांची अंडी उबवायचा धंदा मांडला होता. मडक्यात ओलसर वाळू, वर गोणपाट, आणि त्यावर कान लावून बसलेले स्वतः यज्ञेश्वर! पोटच्या पोरीचं, जयूचंसुद्धा त्यांनी इतकं केलं नसेल. पिल्लांना बेडूक, मोठ्यांना उंदीर, रोज ताजं पाणी. विष मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जायचं आणि घर चालायचं.

त्यांच्या पत्नी अहल्याबाई त्या पडवीत पाऊल टाकत नसत. त्यात भीती थोडी आणि भक्ती फार. लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नाही म्हणून टोमणे खात असताना, देवास गेटपाशी नागपंचमीला एका सपेऱ्याचा नाग त्यांच्या वाटीतलं दूध घटाघट प्याला होता. पुढच्याच वर्षी, देश स्वतंत्र झाला त्या साली, जयू झाली. नागानं आपलं गाऱ्हाणं ऐकलं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

यंदा नागपंचमी आठवड्यावर आली आणि यज्ञेश्वरांनी तापानं अंथरूण धरलं.

"पिंजऱ्यांतल्या वाट्यांत पाणी घाल," ते म्हणाले. "वरच्या फटीतून नळी सोडायची, हात आत घालायचा नाही. आणि कोपऱ्यातले सहा सोडून."

"ते का सोडायचे?"

"ते माणिक सपेऱ्याचे. पंचमीला दूध प्यायला पाहिजेत ना! पंधरा दिवस आधी पाणी तोडल्याबगैर नाग दुधाला तोंड लावतो होय? तहानेनं जे समोर येईल ते पितो बिचारा."

अहल्याबाई लोटा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "आणि मग?"

"मग काय? दूध पचत नाही. काही जगतात, काही मरतात." यज्ञेश्वरांनी भिंतीकडे तोंड केलं. "दुसरे लोक दात पाडतात, तोंडं शिवतात. मी फक्त पाणी बंद करतो. तो माणिक बालबच्चेवाला माणूस आहे, त्यानं पंचमीला काय दाखवायचं?"

म्हणजे माझ्या वाटीतलं दूध तो तहानेपोटी प्याला! अहल्याबाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या पडवीत गेल्या. कोपऱ्यातल्या पहिल्याच पिंजऱ्यात नाग जाळीला तोंड लावून पडला होता, कातडी सुरकुतलेली. त्यांनी वाटीत पाणी सोडलं. नागानं तोंड टेकलं ते किती वेळ वर काढलंच नाही. अहल्याबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी उरलेल्या पाचांनाही पाणी दिलं आणि नवऱ्याला येऊन सांगितलंही. यज्ञेश्वरांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. रागावण्याइतकी ताकद नव्हती आणि बहुधा तोंडही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माधव नगरातून त्यांची धाकटी जाऊ सुलभा आली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पदरात मूल नाही, आणि सासूबाई आता तिला कायमची माहेरी पाठवायचं बोलत होत्या.

"ताई, यंदा पंचमीला तुमच्याकडंच येते," ती म्हणाली. "तुमचं ऐकलं, तसं माझंही ऐकेल. यंदा नाही प्याला तर मी समजून घेईन, माझ्या नशिबातच नाही."

ती गेल्यावर अहल्याबाई तडक पडवीत गेल्या. पंचमीला अजून पाच दिवस होते. वाट्या काढून घेतल्या तर निदान एक नाग तरी तहानेल, पोरीला तेवढाच धीर. चिमट्यानं त्यांनी एक वाटी ओढली. नागाचं तोंड वाटीबरोबर सरकत जाळीपर्यंत आलं. त्यांनी वाटी परत आत ढकलली आणि स्वतःलाच शिव्या घालत बाहेर आल्या.

पंचमीला सुलभा आदल्या दिवसाचा उपास तसाच पुढे ओढून आली. अंगणात माणिकनं टोपली उघडली. तिनं वाटी पुढे धरली. नागानं फणा काढला, वाटीकडे पाहिलं न पाहिलं आणि मान वळवली.

"आज महाराज रूठे हैं," माणिक पुटपुटला आणि नागाची मान धरून त्याचं तोंड दुधात दाबू लागला. सुलभाचा चेहरा पांढराफटक पडला.

"छोड उसको!" अहल्याबाई ओरडल्या. मग सुलभाजवळ खाली बसल्या. "रुसला नाही गं तो. त्याला तहान नाहीये. मी रोज पाणी पाजलंय. तहान असली की तो कुणाच्याही वाटीतलं पितो. माझ्याही वाटीतलं तसंच प्याला होता. जयू व्हायची होती, झाली. त्यात त्याचं काही नाही, माझंही नाही. तसंच तुझं. यात तुझा काही दोष नाही."

सुलभानं वाटी खाली ठेवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला सगळं समजलं, ताई. पण पुढच्या वर्षी एकच ठेवाल का तहानलेला? सासूबाईंना घेऊन येईन. त्यांना फक्त दिसायला पाहिजे."

अहल्याबाईंनी मनात हिशेब केला. एक नाग, पंधरा दिवस, आणि पोरीचा संसार राहील. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, सुलभाकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सासूबाईंशी मी बोलेन. आजच येते तुझ्याबरोबर."

त्यांनी लोट्यातलं दूध पेल्यात ओतून तिच्या हातात दिलं. सुलभा रडत रडत ते सगळं प्यायली.