माठाखालची वाळू

"झालं का वो, आप्पा?" ओट्यावरून सुषमानं हाक दिली.

"झाल्यातच जमा हाय." मल्हारीनं सिलिंडरमधून बोअर गेज काढला. माप बरोबर आलं होतं. आता पिस्टन घालायचा एवढंच.

"गाडी चालू झाली तर उद्या दौंडला माझ्याकडं येताना संगं न्यायची, न्हाईतर भंगारात. शब्द दिलाय तुम्ही."

"व्हय गं बाई. वकिलीणच जन्माला घातलीया."

गाडी म्हणजे त्याच्या बायकोची, रतनबाईची मोपेड. तिच्यावरून ती शिरूरच्या बाजाराला भाजी न्यायची. ती जाऊन आठ महिने झाले. सिलिंडर घासून घासून इतका मोठा झाला होता, की हा पिस्टन शेवटच्या मापाचा. याच्यापुढचा मिळतच नव्हता. हा अडकला की गाडी संपली.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मल्हारीनं घरामागच्या पत्र्याखाली ड्रिल मशीन बसवलं होतं. सिलिंडर आतून घासणारे होनिंगचे दगड त्यात फिरायचे. तो दांडा खालीवर करायचा, रतनबाई तेलाची धार धरायची आणि जात्यावरची ओवी गायची. एक ओळ खाली, एक ओळ वर. आतल्या रेघा घोंगडीच्या विणीसारख्या एकमेकींना छेदत यायच्या.

मग ती सिलिंडर हिसकावूनच घ्यायची. तेलकट फडक्यात गुंडाळून तिवईवरच्या माठाखाली, पाझरानं ओल्या राहणाऱ्या वाळूत ठेवायची. "तापल्या लोखंडाचं माप घेऊ न्हाई. खोटं बोलतं ते, तुमच्यावानी."

ती गेल्यावर मल्हारीनं हनुमंताच्या पंपाचं इंजिन केलं. पहिल्याच पाण्याला ते जाम झालं. गाव म्हणालं, मल्हारीचा हात गेला. त्यालाही तसंच वाटलं होतं.

त्यानं पिस्टन उचलला. मागं तेलाची बुधली किणकिणली.

"तापलंय ते."

त्यानं वळून पाहिलं. बुधली खिळ्याला लटकत होती. कोणी नव्हतं. त्यानं सिलिंडरवर तळवा ठेवला. तापातल्या कपाळासारखा लागला.

तो स्वयंपाकघरात गेला. माठाखालची वाळू पिठासारखी कोरडी पडली होती. मधे सिलिंडरएवढा गोल खळगा तेवढा जागच्या जागी होता. त्यानं वाळू भिजवली, माठ भरला आणि गुंडाळलेला सिलिंडर त्या खळग्यात ठेवला.

"उद्या घर बंद करायचंय आन् आज माठ कशाला भरताय?" सुषमानं विचारलं. त्यानं माठावर झाकणी ठेवली.

दुपारी पुन्हा माप घेतलं. दहा मायक्रॉन कमी. सकाळी पिस्टन घातला असता तर जागच्या जागी अडकला असता. हनुमंताचं इंजिन कशानं गेलं, ते त्याला आत्ता कळलं.

तेवढं घासायला पुन्हा ड्रिल सुरू झालं. सुषमानं न सांगता बुधली घेतली. मल्हारीच्या घोगऱ्या गळ्यातून रतनबाईची ओवी निघाली:

*निव निव रे लोखंडा, वाळू माठाची गारगार*
*माझ्या धन्याच्या हाताला, नको घाईचा गं भार*

तेलाची धार क्षणभर तुटली, मग पुन्हा लागली.

सिलिंडर पुन्हा वाळूत निवला. उन्हं कलल्यावर मल्हारीनं तो मांडीवर घेतला, पिस्टनला तेल लावलं आणि तोंडाशी सोडला. पिस्टन आपल्याच वजनानं हळूहळू आत उतरला, विहिरीच्या पायऱ्या उतरणाऱ्या बाईसारखा.

"बसला!" सुषमा ओरडली. "आता जोडा पटकन. मी माठ वतून येते."

मांडीवरचा सिलिंडर केव्हाचा गार झाला होता. मल्हारीनं त्यावरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ दे गं," तो म्हणाला. "आजून निवतंय."