चंद्राबाईचा बांध

१९८३च्या उन्हाळ्यात पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली सामुदायिक शेती मोडली. पण तसं कधी होणारच नाही असं वाडी धरून चालली होती. येसाजीही तेच धरून चालला होता.

येसाजी मुंबईच्या गिरणीत लाल बावट्याखाली दहा वर्षं काढून गावी परतला, तो चीनचं एक हिंदी सचित्र मासिक लावून घेऊनच. दर महिन्याला वाडीला वाचून दाखवी. एका अंकात शंभर घरांचं एकच शेत होतं, मधे बांध औषधालाही नव्हता, आणि माणसं हसत होती. आपल्याकडे वीतभर बांधावरून डोकी फुटतात, मग बांधच नको, हे येसाजीनं सगळ्यांना पटवलं. सात घरांनी बांध फोडले. चंद्राबाईचा तर त्यानं स्वतःच्या हातानं फोडला. ती त्याची विधवा काकी. झऱ्याखालचं एक खाचर, एवढीच तिची दौलत.

पाच वर्षं बरी गेली. मग नवा अंक आला.

चीननं जमीन घरागणिक वाटून दिली होती. चित्रातला म्हातारा स्वतःच्या तुकड्यात टीव्ही घेऊन उभा होता आणि पूर्वीपेक्षा जास्त हसत होता. मागच्या पानावर अमेरिकेचे पाहुणे जेवत होते. येसाजीनं अंक भाताच्या कणगीत लपवला, पण पोस्टमन टपाल वाचूनच देणारा. तिन्हीसांजेपर्यंत वाडीनं आपापला बांध मागितला.

येसाजी आणि काकी सोडून बाकीच्या पाच घरांनी आठवेल तसे बांध घातले. ज्याची आठवण दांडगी, त्याचं खाचर मोठं. येसाजी आपला तुकडा काकीला द्यायला निघाला, तर तो त्या पाचांतल्या रावजीच्या आठवणीत कधीच बसला होता.

"येसा, तू शिकलेला," चंद्राबाई म्हणाली. "माझं खाचर कुठं ठेवलंस रे?"

तलाठ्यानं सात-बारा काढला. सगळी जमीन सातही घरांच्या पणजोबाच्या एकाच नावावर. वाटण्या फक्त बांधांना ठाऊक. सरकारी कागदात तुम्ही पहिल्यापासूनच सामुदायिक आहात, असं सांगून त्यानं येसाजीचं अभिनंदन केलं.

रावजी म्हणाला, "चीनच्या सांगण्यानं फोडलास ना? मग त्यांच्याकडनंच घालून घे."

येसाजीला यात खोट दिसेना. त्यानं फुलस्केप कागद घेतला.

"मे. संपादकसाहेब, मु. पेकिंग यांस. अर्ज करतो की, आपला माहीतगार माणूस लावणीपूर्वी पाठवून श्रीमती चंद्राबाई यांचा बांध मूळ जागी घालून मिळावा. एसटी पोलादपूरपर्यंत आहे. पुढे चालावे लागेल."