कळशी मोजली, बाई राहिली

मी उत्तरेकडच्या एका शहरातल्या, लक्ष्मी गेटजवळच्या घरातली जुनी पितळी कळशी आहे, मित्रांनो, आणि सध्या मी फार चिडलेली आहे. कसेऱ्याने हातोड्याने ठोकून मला घडवलं, तेव्हाही इतका अपमान वाटला नव्हता.

माझी उमेदीची वर्षं पाणी वाहण्यात गेली. चिंच लावून मला घासत, आलेगेले कौतुक करत. पुढे मोटर आली, गच्चीवर टाकी बसली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. यंदा जेठात, ऐन उन्हाळ्यात, मोटर जळली, तेव्हा कुठे माझी आठवण झाली. कामाला येणाऱ्या दुर्गा मौसी मला गल्लीतल्या हापशावर भरत आणि दोन मजले चढवत. रोज बारा खेपा.

आठव्या दिवशी त्या म्हणाल्या, "भैयाजी, मोटर बनवा दो. घुटने जवाब दे गए."

घरधनी देवेंद्र खुर्चीतून हलले नाहीत. "शमिका, तुझ्या फिजिक्समध्ये हेच आहे ना? काढ बरं, मौसी किती काम करतात."

नववीतली शमिका वही घेऊन बसली. "हापशापासून जिन्यापर्यंत सपाट चालणं, बाबा. बल वर, चालणं पुढे. कार्य शून्य."

शून्य! पुस्तकाचा नियम असेल तसा. पण मौसींच्या मानेला विचारा.

"आता जिना. कळशी पाण्यासकट पंधरा किलो. गुरुत्व दहा धरलं, उंची सहा मीटर. स्थितिज ऊर्जा वाढली नऊशे ज्यूल. चढायला एक मिनिट, म्हणजे शक्ती पंधरा वॅट."

"पंधरा? अगं, आपल्या बाथरूमचा बल्ब आहे तेवढा!" देवेंद्र हसले. "बघा मौसी, काहीच नाही."

मौसींनी मला खाली ठेवलं. "काय बिटिया, कलसिया ऊपर चढ़ी, तो हम का नीचे ठाड़े रहे?"

शमिकाची पेन्सिल थांबली. मला वर नेताना मौसी स्वतःही वर जातात, हे तिच्या हिशेबात नव्हतंच. तिने वजन विचारलं. पंचेचाळीस किलो. "साठ गुणिले दहा गुणिले सहा. तीन हजार सहाशे ज्यूल, बाबा! शक्ती साठ वॅट. आणि ही ऊर्जा एकाच खेपेची."

"कागदावर काय, काहीही येतं."

"मग तुम्ही एक खेप आणा ना. मी वेळ मोजते."

मुलीसमोर नाही कसं म्हणणार? मला उचलून देवेंद्र निघाले. पहिला मजला ऐटीत झाला. दुसऱ्याला त्यांनी कठडा धरला आणि माझं अर्धं पाणी जिन्यावर सांडलं. वर पोचून ते टेकले.

"बाबा, तुमचं वजन धरू की सोडू?"

"धर... धर बाई." मग श्वास जरा जागेवर आल्यावर त्यांनी मोटरवाल्याला फोन केला.

मोटर संध्याकाळीच सुरू झाली. आनंद आहे. पण मित्रांनो, मौसींचे गुडघे आठ दिवस सांगत होते, ते कोणी ऐकलं नाही. बाबांची धाप मात्र एका खेपेत ऐकू गेली. तुम्ही गणित मांडाल तेव्हा ओझ्याच्या आधी उचलणाऱ्याचं वजन लिहा, आणि ते विचारायला त्याच्याजवळ जा.