हातांची साक्ष

“तुम्हाला माणूस बघायचाच नाहीये. तुम्हाला हात पाहिजे होते, ते मिळाले!”

वहिनी उठली आणि सरळ जाऊन पडद्यासमोर उभी राहिली. पडद्यावर हातवारे करणारा तिचा नवरा आता तिच्या कपाळावर, गळ्यावर, खांद्यावर हलायला लागला.

“बाई, बाजूला व्हा,” भरपाई न्यायालयाचे अध्यक्ष म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. आवाज चढवायची पाळी त्यांच्यावर कधी येतच नसावी. “व्हिडिओ पूर्ण होऊ द्या.”

“वहिनी, बसा ना,” मागच्या बाकावरून नवऱ्याचा साइटवरचा दोस्त भोंगा कळवळला.

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाकाच्या लाकडात शिरायचाच बाकी राहिला. मग ती जागेवर येऊन बसली. शेजारी ज्याच्यासाठी हे सगळं रामायण चाललं होतं तो बावटा बसला होता. तो तिच्या कानाला लागला.

“मीच आहे ना तो? पोट सुटलंय बघ माझं.”

“हो. गप्प बसा आता.”

बावटा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नाही. बांधकामावर क्रेनचा ऑपरेटर वर काचेच्या खोक्यात बसतो. खालचं त्याला धड दिसत नाही. खाली उभा असलेला इशारेवाला हाताने सांगेल तसा तो भार उचलतो, वळवतो, ठेवतो. बावटा हा असा इशारेवाला. त्याचे हात बघून ऑपरेटर डोळे मिटूनही काम करतील असं भोंगा म्हणायचा. आणि भोंग्याचं म्हणणं चार मजले ऐकू जायचं. भोंग्याचं काम भाराला साखळी अडकवायचं आणि सोडवायचं. म्हणजे त्याची जागा कायम भाराच्या खाली.

दोन वर्षांपूर्वी वरून एक फळी सुटली आणि बावट्याच्या डोक्यात बसली. हेल्मेट फुटलं, डोकं फुटलं नाही. सगळे म्हणाले, जिवावरचं बोटावर निभावलं. घरी आल्यावर कळलं काय निभावलं ते. एका वेळी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात राहायची. दुधाकडे बघत उभा राहिला तर दूध उतू जाईपर्यंत फक्त बघायचा. रस्ता ओलांडताना पलीकडच्या दुकानाची पाटी वाचत चालायचा, गाड्या त्याच्या हिशेबीच नसायच्या. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. फोटो स्वच्छ.

आणि कायदा फोटो मानतो. ज्यांनी तो केला, त्यांनी तक्ता दिलाय: बोट गेलं तर इतकं, डोळा गेला तर इतकं. माणूस जिवंत राहून आतून हरवला, तर त्याच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही. तरी दोन वर्षं महिन्याचा भत्ता चालू होता. मग कंपनीने अर्ज केला की हा माणूस कामाला लायक झाला आहे, भत्ता बंद करा.

वहिनीला सरकारकडून फुकटात वकील मिळाला होता. फुकटातला असला तरी पोरगा मन लावून बोलला. सन्मानाने जगणं हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, म्हणाला. जखम दिसत नाही म्हणून ती कमी धरायची, हा भेदभाव आहे, म्हणाला. अध्यक्षांनी मान डोलावली, दोनदा काहीतरी लिहून घेतलं. वहिनीला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात कंपनीच्या वकीलबाईंनी व्हिडिओ लावला.

तो काढला होता भोंग्याने. वाईट हेतूने नाही. “वहिनी, घरात भिंतीकडे बघून माणूस भिंत होईल. आणा एकदा साइटवर, पोरं चहा पाजतील,” असं तोच म्हणाला होता, आणि तिने नेलं होतं. चहा पिता पिता सळ्यांची मोळी वर उचलली गेली. क्रेनचा आवाज ऐकताच बावट्याने कप ठेवला, मोकळ्यात जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. ऑपरेटरने वरून ओळखीचं अंग बघितलं. सवयीने त्याचा हात दांडीवर हलला. हळू, आणखी हळू, डावीकडे, थांब, सोड. मोळी अलगद टेकली. साइटभर शिट्ट्या. भोंग्याने व्हिडिओ साइटच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला, वर लिहिलं, ‘आपला वाघ परत आला.’ गटावर सुपरवायझर होता. सुपरवायझरच्या वर साहेब होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

वहिनी त्या दिवशी रडली होती, आनंदाने. आज तिला त्या रडण्याची चीड येत होती.

पडदा काळा झाला. वकीलबाई उभ्या राहिल्या.

“भेदभाव आम्हालाही मान्य नाही, सर. अपघात झाला म्हणून माणसाला कायमचं घरी बसवणं, हाही भेदभावच आहे. काम करण्याचा हक्क हाही मानवी हक्क आहे. कंपनी यांना त्याच कामावर, त्याच पगारावर परत घ्यायला तयार आहे. येत्या सोमवारपासून.”

अध्यक्षांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. कुणाचंच वाईट न करता निकाल देता येतोय, अशी वेळ त्यांच्याही नशिबी रोज येत नसणार.

“सोमवारी?” बावटा मोठ्याने म्हणाला. “येतो ना! का नाही येणार?”

फुकटातल्या वकिलाने कागद चाळले. चाळतच राहिला. त्याच्याच तोंडचे शब्द उलटून त्याच्या अंगावर आले होते.

“साहेब,” वहिनी म्हणाली, “मला एक सांगायचंय.”

“सांगा.”

“व्हिडिओत हे एकटेच दिसतात. मोळी खाली येत होती तिथे एक गवंडी पाठमोरा बसला होता. यांनी एकदाही खाली बघितलं नाही. यांची नजर वर, काचेवर. दुसऱ्याने त्याला कॉलरला धरून ओढला म्हणून तो वाचला. आम्ही सगळे हसलो तेव्हा. मीपण हसले. यांचे हात बघून डोकं ठिकाणावर नव्हतं कुणाचं.”

“हे तुमच्या जबाबात नाही.”

“नाही. सांगितलं असतं तर ज्यांनी यांना उभं राहू दिलं त्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. भोंग्याची पहिली.”

“तो गवंडी कुठे आहे?”

“रोजंदारीचा माणूस, साहेब. काम संपलं, गेला.”

अध्यक्षांनी चष्मा वर सारला. “व्हिडिओ काढणारे आलेत ना? उभे राहा. असं घडलं होतं?”

भोंगा उभा राहिला. दोन बाक पुढे कंपनीचा सुरक्षा अधिकारी बसला होता. तो मागे वळला नाही, नुसती मान जरा तिरकी केली. भोंग्याच्या हातात टोपी होती. ती त्याने पिळली. त्याच्या घरी खाणारी तोंडं किती, हे त्या खोलीत फक्त वहिनीला माहीत होतं, म्हणून तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

“मी... मोबाइलमध्ये बघत होतो, साहेब. मला फक्त बावटाच दिसत होता.”

खोटं नव्हतं. तेच तर वाईट होतं.

निकाल लगेच सांगितला गेला. हातांच्या हालचाली उत्तम. पूर्वीचे काम करण्याची क्षमता सिद्ध. भत्ता बंद. कंपनीच्या सौजन्याची नोंद घेण्यात येते. टायपिस्टने ‘सौजन्य’ खटाखट टाइप केलं. सही झाली, लोक उठले, वकीलबाई बावट्याजवळ येऊन त्याला शुभेच्छा देऊन गेल्या. त्याने त्यांना नमस्कार केला.

“लवकर उठव गं सोमवारी,” तो वहिनीला म्हणाला. “पहिल्याच दिवशी उशीर नको.”

“उठवते.”

तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, त्याला भोंग्याच्या हवाली केलं आणि ती पुन्हा पुढे गेली. अध्यक्ष पाणी पीत होते.

“साहेब, यांनी हात खाली केला की भार खाली येणार. भाराखाली हा भोंगा असणार. एक दिवस तो चेंगरला, तर गुन्हा कुणावर लावाल? माझ्या माणसावर? की तुमच्या या सहीवर?”

“बाई, तो प्रश्न आज न्यायालयासमोर नाही.”

शिपायाने दार उघडून धरलं. ती हलली नाही.

“मग कधी येईल? तो मेल्यावर? तारीख सांगा, साहेब. मी थांबलेय.”