डोलकाठीचा मान

शांतलिंग अप्पा माकणीच्या धरणावर आले ते होडी बघायला नव्हेच. होडीचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. ते आले होते पुतण्याला पारखायला.

मुरूमजवळच्या त्यांच्या गावात संक्रांतीच्या यात्रेला नंदीध्वज निघतो. दोनमजली घरालाही मान वर करायला लावील अशी ती काठी. कमरेच्या चामडी पट्ट्यातल्या खोबणीत तिचा बुंधा ठेवायचा आणि एकट्यानं पेलत चालायचं. आजूबाजूला चौघं दोर धरून. हा मान अप्पांच्या घराण्याचा. काठी पडली तर गावाला अपशकुन, आणि मान गेला दुसऱ्याच्या दारी.

यंदा अप्पांच्या उजव्या खांद्यानं संप पुकारला होता. उमरग्याच्या डॉक्टरांनी "आता देवाला लांबूनच नमस्कार करा" असं सांगून टाकलं होतं. संक्रांतीच्या आत पट्टा कुणाच्या तरी कमरेला बांधायला हवा होता. अप्पांना मुलगा नाही. एक मुलगी महेश्वरी, आणि एक पुतण्या विरुपाक्ष. गावाच्या मते यात ठरवायचं काही राहिलंच नव्हतं. अप्पांना मात्र या विचारानं जेवण गोड लागत नव्हतं.

महेश्वरीनं लहानपणी एकदाच विचारलं होतं, "अप्पा, मी धरू काठी?"

"पोरींनी काठीला हात लावायचा न्हाय," अप्पा म्हणाले होते. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मोठी झाली, हैदराबादला शिकायला गेली आणि तिथल्या तलावात शिडाच्या होड्या पळवायला लागली. ज्या मुलखात पाण्याचा टँकर आला की दिवाळी, तिथली पोर शर्यतीत होडी पळवते म्हटल्यावर पाहुणेरावळे आधी हसले आणि मग तिच्या लग्नाचं विचारायला लागले.

आता तिनं आणि तिची शर्यतीतली जोडीदारीण राजनंदिनी हिनं मुंबईतून एक जुनी कॅटमरान घेतली होती. शर्यत आठवड्यावर आलेली. होडी टेम्पोवर घालून हैदराबादला नेताना वाट घराजवळूनच जात होती. सगळे सुटे भाग धड आहेत का ते एकदा जोडून बघावं, म्हणून ती माकणीला थांबली. राजनंदिनी तिकडं हैदराबादेत. महेश्वरीनं घरी फोन केला, "अप्पा, डोलकाठी उभी करायला माणसं लागतात. याल?"

काठीचं नाव ऐकल्यावर अप्पांनी विरुपाक्षला मोटारसायकल काढायला सांगितली.

होडी म्हणजे दोन लांबट, अरुंद होड्या शेजारीशेजारी, वर दोन आडव्या दांड्या आणि मधे ताणलेलं जाळीदार कापड. बाजेचं विणकाम पाण्यावर ठेवावं तसं. डोलकाठी अजून आडवीच होती. ॲल्युमिनियमची, लांबलचक, टोकाजवळून तीन वायरी निघालेल्या. दोन बाजूंना जायच्या, एक पुढं.

"चला, उचलू," विरुपाक्ष बाह्या सरसावत म्हणाला.

अप्पांनी आधी वर बघितलं. नंदीध्वज निघायच्या आधी गावात विजेच्या तारा उतरवून घेतात. ती सवय मानेला पडलेली. मान खाली आली तेव्हा त्यांना दिसलं की महेश्वरीही वरच बघतेय. काठावरच्या मोटारपंपाची लाइन होडीच्या डोक्यावरून गेली होती.

"होडी तिकडं लांब घ्यायची," दोघं एकदमच म्हणाले. तिघांनी ती ढकलत मोकळ्या जागी नेली.

महेश्वरीनं डोलकाठीचा बुंधा पुढच्या दांडीवरच्या खोबणीत बसवला, पिन घातली, बाजूच्या दोन्ही वायरी जोडल्या. पुढच्या वायरीला बांधलेला दोर देऊन विरुपाक्षला तिनं पुढं उभं केलं. "दादा, मी मागून काठी उचलत येते. तू नुसता सैल पडेल तेवढा दोर घेत राहा. मी वायर लावेपर्यंत सोडायचा नाही." अप्पांना तिनं खांद्यामुळं बाजूला बसवलं.

काठी उठली. अर्धी वर आली, आणखी वर आली. विरुपाक्षनं बघितलं, झालंच की आता. म्हणून त्यानं एका हातात दोर ठेवून दुसऱ्या हातानं मोबाइल काढला. दोर सुळकन सुटला. काठी मागं, महेश्वरीच्या अंगावर यायला लागली.

अप्पा कधी उठले ते त्यांनाच कळलं नाही. जाळीवर चढून त्यांनी काठी छातीशी घेतली, कंबर खाली दाबली, नजर टोकाला लावली. खांदा कळवळला. "मेल्लगे, मेल्लगे," त्यांच्या तोंडून कानडी निघालं. घरात घाईच्या वेळी हळू म्हणायला हाच शब्द. काठी डुलली, थबकली, उभी राहिली. महेश्वरी पुढं धावली, वायर ओढून घेतली, पिन बसवली.

"सोडा अप्पा."

अप्पांनी सोडली नाही. यात्रेत काठी एकाकडून दुसऱ्याकडं जाते तेव्हा घेणाऱ्यानं एक शब्द म्हटल्याशिवाय देणारा हात काढत नाही. तसा काढलाच तर काठी कुणाचीच नसते.

महेश्वरी त्यांच्याजवळ आली. काठीला तळवे लावले, टोकाकडं बघितलं.

"आली, अप्पा," ती म्हणाली.

अप्पांनी हात काढले. हा शब्द तिला कुणी शिकवला, हे विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण ती शीड आणायला टेम्पोकडं निघून गेली होती.

इकडं अप्पांना चैन पडेना. काठी मागं कललेली, बाजूच्या वायरी ढिल्या. त्यांच्या हिशेबात कललेली काठी म्हणजे पेलणाऱ्याची लाज. विरुपाक्षला त्यांनी दोराला लोंबकळायला लावलं, पुढची वायर ओढून तिच्या टोकाच्या पट्टीतल्या वरच्या भोकात अडकवली. आता काठी खांबासारखी सरळ, वायरी वीणेच्या तारांसारख्या ताठ. अप्पांनी मिशीला हात लावला.

महेश्वरी शीड घेऊन आली. तिनं काठी हातानं फिरवून बघितली. काठी हलेना.

"अप्पा, हे तुम्ही केलं?"

"वाकडी व्हती. सरळ केली."

"ती मागंच कललेली हवी. वारा भरला की नाहीतर होडी नाक खुपसते पाण्यात. आणि वाऱ्याबरोबर काठीनं फिरायला पाहिजे." ती हसली. "दोर आवळला की काठी मरते. दोर ओढायचा नसतो, नुसता धरायचा असतो. तुम्हीच सांगायचा की अंगणात, नव्या पोरांना."

अप्पांचा चेहरा पडला. काठीच्या भीतीनं दोर आवळून धरणं ही तर पहिल्या वर्षाच्या पोराची चूक. ती त्यांनी पिकल्या मिशांनी केली होती. आणि अंगणात ते सांगत तेव्हा ही दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

वायर पुन्हा ढिली झाली. शीड चढलं. होडी पाण्यात गेली आणि वारा लागताच एका अंगावर कलून पळाली. महेश्वरी उचललेल्या काठावर रेलून बसली होती, तोंड वर, डोळे डोलकाठीच्या टोकाला. पलीकडची वायर सैल लोंबत होती. अप्पांना आता त्या सैलपणाची भीती वाटली नाही.

विरुपाक्ष शेजारी येऊन बसला. बराच वेळ खडे फेकत राहिला. "काका, एक बोलू? मला न्हाय जमायचं. काठीकडं बघितलं की मला ती पडतानाच दिसती. तुमचं मन मोडायचं न्हाय, म्हणून गप होतो."

"आरं येड्या, आधी बोलायचं न्हाय का," अप्पा म्हणाले, आणि मोकळेपणानं हसले.

उन्हं कलली तशी महेश्वरी काठाला आली. होडी पुन्हा टेम्पोवर चढवायची, तर डोलकाठी उतरवायला हवी. विरुपाक्ष दोराकडं वळला. अप्पांनी तो आधीच हातात घेतला होता.

"तू काठीखाली हो," ते मुलीला म्हणाले.

महेश्वरीनं वायर सोडवली, मागं जाऊन काठीला हात लावले.

"संक्रांतीला ये," अप्पा म्हणाले.

"बघायला?"

"बघायला गाव हाय की. दोर धरायला ये."

"पोरींनी हात लावायचा नाही ना?"

"काठीला म्हणलं व्हतं म्या. दोराचं कोण बोललं?"

"गाव बोलेल."

"गावाला मी बघतो."

तिनं काठीवरची पकड नीट केली. मग हळूच म्हणाली, "आणि काठी, अप्पा?"

अप्पांनी तिच्या हातांकडं बघितलं. "ती आत्ता कुणाच्या हातात हाय?"

महेश्वरीचे डोळे भरून आले, पण नजर टोकावरून हलली नाही.

"आली, अप्पा," ती म्हणाली.

"मेल्लगे," म्हणत अप्पा दोर सोडू लागले.