तपासणारा घेत नाही

माझ्या साडूचं सगळं चांगलं चालतं, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. त्याला घर मिळालं ते कोपऱ्यावरचं, दोन्ही बाजूंनी उजेडाचं. तो केस कापायला गेला तर खुर्ची रिकामी असते, आणि पन्नाशीला टेकला तरी कापायला केस आहेत. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, पण तोही चांगलाच आहे. मोटरसायकलच्या नादाला त्याला मीच लावलं. बायको म्हणाली, "दर रविवारी एकटेच उंडारता, त्यांनाही न्या की." मी नेलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

आमची दहाबारा जणांची मंडळी आहे. रविवारी सकाळी निघायचं, दीडशे किलोमीटर हिंडायचं आणि जेवायच्या वेळेला घरी. सगळ्यांकडे जुन्या गाड्या. कुणी नवी घेतलीच तर आम्ही त्याला काही बोलत नाही, फक्त त्याच्या गाडीकडे बघत नाही. गाड्या विकल्या जातात त्याही आपसातच. बाहेरच्या माणसाला गाडी देणं म्हणजे मुलगी चौकशी न करता उजवण्यासारखं, असं आमचे चित्रकलेचे मास्तर म्हणायचे.

मंडळीत मला 'कान' म्हणत. धंदाच तो आहे माझा. एका दवाखान्यात मी लोकांची श्रवणशक्ती तपासतो. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. आठवडाभर हेच केल्यावर रविवारी कुणाची गाडी शेजारून गेली तरी तिच्या पोटात काय चाललंय ते मला कळतं. म्हणून मंडळीतली गाडी विकायला निघाली की आधी मी ऐकायची. मी मान डोलावली की व्यवहार पक्का. मी नाही म्हटलं तर ती गाडी कुणी घ्यायची नाही आणि मालकानेही मंडळीत कुणाला द्यायची नाही.

याला जोडून एक नियम होता: तपासणारा घेत नाही. तो मीच करून घेतलेला. पूर्वी आमच्यात एक कंत्राटदार होता. त्याने एकाच्या गाडीला नावं ठेवून ठेवून ती शेवटी स्वतःच घेतली. तेव्हा मी असा काही तडकलो की कंत्राटदार पुन्हा फिरकला नाही. माझं त्या दिवशीचं भाषण अजून काही जणांना पाठ आहे.

मास्तरांची गाडी साडेतीनशे सीसीची, एकाच सिलिंडरची, काळ्या टाकीची. बावीस वर्षं त्यांनी ती एकहाती वापरली. त्यातली बारा वर्षं मी रविवारी त्यांच्या मागे गाडी चालवली, आणि मुद्दाम मागे चालवली, तिचा आवाज ऐकता यावा म्हणून. मला ती हवी होती. आता सरळ सांगतो, कारण तेव्हा सांगितलं नाही.

मास्तरांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक मारायला कायमची बंदी घातली. एका संध्याकाळी ते दवाखान्यात तपासणीला आले, तसेच काठी टेकत माझ्या खोलीत आले. म्हणाले, "गाडी विकायला काढतोय रे. अजून कुणाला बोललो नाहीये. तू येशील ना ऐकायला?"

एवढंच म्हणायचं होतं, की मास्तर, मी ऐकणार नाही, मी घेणार. पण मला वाटत होतं, त्यांनीच म्हणावं. बारा वर्षं तिचे टॅपेट कुणी लावले, तिचा कार्बोरेटर कुणी साफ केला? 'तूच घे बाबा' असं त्यांच्या तोंडून आलं असतं तर मी आधी थोडे आढेवेढेही घेतले असते. मी म्हटलं, "येतो की." ते थोडा वेळ काठीशी चाळा करत थांबले आणि गेले.

शनिवारी त्यांनी मंडळीच्या ग्रुपवर फोटो टाकला. काय लिहावं, किती उत्सुकता दाखवावी, याचा मी विचार करत होतो. चार मिनिटांत साडूचं उत्तर आलं: "मी घेतो." मंडळीचे अंगठे, टाळ्या सुरू झाल्या. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं बाई, बरं झालं ना, घरातच राहिली गाडी." मी फोन उशीखाली ठेवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

रविवारी सगळे मास्तरांच्या अंगणात जमले. मेव्हणीही आली होती आणि येताना स्वतःसाठी काळं हेल्मेट घेऊनच आली होती, टाकीला शोभेल असं. साडूने किक मारली. त्या गाडीची किक हे एक शास्त्र आहे. कुठवर दाबायची, कुठे सोडायची हे कळायला मला दोन वर्षं लागली. त्याची पहिल्याच किकला चालू झाली.

मी गुडघ्यावर बसलो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आतलं ऐकायची ही आमची जुनी रीत. वर टॅपेटची टिकटिक, बरोबर तेवढीच. खाली क्रँक, म्हणजे इंजिनचा कणाच, फिरत होता तो लोण्यातून फिरावा तसा. बावीस वर्षांत एकही खडा त्या आवाजात आला नव्हता. मला रडूच यायचं बाकी होतं.

"भाऊजी, कशी आहे?" मेव्हणीने विचारलं.

मी उठलो, हात पुसले आणि म्हणालो, "खालून आवाज आहे. क्रँक गेलाय."

मास्तरांनी साडूला गाडी बंद करायला सांगितलं. "मला कसं ऐकू आलं नाही?" ते स्वतःशीच म्हणाले. साडूचा चेहरा पडला, पण तो म्हणाला, "दादा म्हणतायत म्हणजे आहेच." शंका म्हणून घेतली नाही त्याने. निदान शंका घेतली असती तर मला त्याच्यावर रागावता आलं असतं.

माझा बेत असा होता: महिना-दोन महिने जाऊ द्यायचे, मग म्हणायचं, मास्तर, पडून राहण्यापेक्षा मीच नेतो, दुरुस्त करून घेईन. नियम होता, पण मोडकी गाडी नेणाऱ्याला नियमाची आठवण कोण करून देणार? कंत्राटदाराची मला आठवणसुद्धा झाली नाही. माणूस जळायला लागला की त्याला बरंच काही आठवेनासं होतं.

पण मास्तर पडले मास्तर. आपल्या हातून मित्राच्या गळ्यात मोडकी गाडी पडत होती, या विचाराने त्यांना झोप लागेना. त्यांनी मेकॅनिक बोलावून सगळं इंजिन उघडायला लावलं. आठ दिवसांनी मेकॅनिकने क्रँक फडक्यावर ठेवून सगळ्यांना दाखवला. नव्यासारखा होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एक तर खोटारडा होतो नाहीतर बहिरा. मी काही ठरवायच्या आत त्यांनीच ठरवून टाकलं. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "अरे, वय होतं रे!"

त्या दिवसापासून मंडळी माझ्याशी ओरडून बोलायला लागली. बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला. तिच्या समाधानासाठी दवाखान्यात माझ्याबरोबर तपासणी करणाऱ्या मॅडमकडून कान तपासून घेतला. काचेच्या खोलीत बसून मी मुद्दाम उशिरा बटण दाबत होतो. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "सोंगं मीही रोज बघते. कान उत्तम आहेत तुमचे. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा." घरी सांगितलं, थोडा गेलाय.

गाडी साडूकडे गेली. मंडळीत आता कुणाची गाडी विकायची असली की मेकॅनिकला बोलावतात आणि मला खुर्ची देतात. 'कान' कुणी म्हणत नाही. ते म्हणणं आता बरं दिसलं नसतं. आणि दर रविवारी साडू माझ्या पुढे असतो, त्याच्या मागे मेव्हणी, आणि तो आवाज. मी मंडळीच्या अगदी शेवटी जायला लागलो, ऐकू येऊ नये म्हणून. तरी यायचा.

तीन महिन्यांनी आम्ही घाटापलीकडे निघालो होतो. माथ्यावर चहाला थांबलो. मास्तरही आले होते, मंडळीतल्या एका बँकवाल्याच्या मागे बसून. साडू वाटेत पेट्रोल भरायला थांबला होता, म्हणून त्या दिवशी माझ्याही मागून, सगळ्यांत शेवटी पोहोचला. टपरीच्या आधी जरा उतार आहे, तिथून त्याने ऐटीत इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी घरंगळत आणली. इंजिनचा आवाज नव्हता, त्यामुळे मला ते स्वच्छ ऐकू आलं. मागच्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला घर्र, आणि मध्येच एक कट्ट. चाकाचं बेअरिंग संपलं होतं. पुढे अकरा वळणांचा उतार होता आणि चाक एखाद्या वळणावर कधीही अडकलं असतं.

चहा झाला. मंडळी हेल्मेटं चढवायला लागली. मी साडूजवळ गेलो. "मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. घाट उतरू नका."

तो खाली वाकला आणि माझ्या कानाशी मोठ्याने, अगदी प्रेमाने म्हणाला, "घरी गेल्यावर बघतो हं, दादा."

"आत्ता मेन स्टँडवर लावा. हलवून दाखवतो."

"झालं," बँकवाला हसत म्हणाला, "आता चाकं उघडायला लावा." चारपाच जण हसले. वाईट मनाने नव्हे. घरातल्या म्हाताऱ्याला हसतात तसं. साडूने किक मारली. पहिल्याच किकला चालू झाली.

एक क्षण माझ्या मनात आलं, जाऊ दे. सांगायचं ते सांगून झालं, माझी जबाबदारी संपली. हे मनात आलं, ते लपवत नाही. मग मेव्हणी मागे बसून हेल्मेटचा पट्टा लावताना दिसली. लग्नात माझे बूट लपवून ठेवणारी पोर ती. साडू एकटा असता तर मी किती वेळ लावला असता, ते मला अजून ठरवता येत नाही.

मी पुढे होऊन हँडल धरलं. "माझा कान ठणठणीत आहे," मी म्हणालो. "क्रँकलाही काही झालं नव्हतं, आणि मला ते ऐकू येत होतं. मी खोटं बोललो. ही गाडी मला हवी होती."

साडूने इंजिन बंद केलं. इतर इंजिनंही एकेक करून बंद झाली. मेव्हणी खाली उतरली आणि माझ्याकडे न बघता बाजूला जाऊन उभी राहिली. बँकवाल्याने आणि साडूने मिळून गाडी मेन स्टँडवर चढवली. मी चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. ते चांगलं अर्धं बोट हललं. बँकवाल्याने स्वतः एकदा हलवून पाहिलं, मग आपले हात पाहिले.

मास्तर काठी टेकत आले. चाकाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"सगळ्यांच्या आधी तुला का सांगायला आलो होतो मी?" ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. तीन महिन्यांनी पहिल्यांदा कुणी माझ्याशी हळू बोलत होतं. "हवी होती तर मागायची होतीस. मी वाट बघत उभा होतो तिथे."

ते वळले आणि बँकवाल्याच्या गाडीकडे गेले.

साडू अजून चाकाजवळ उकिडवा बसला होता. तो आता काय बोलतो याची मी वाट पाहत होतो. शिव्या द्याव्यात, माझी कॉलर धरावी, असं मला मनापासून वाटत होतं. त्याने वर पाहिलं. "म्हणजे दादा, क्रँक पहिल्यापासून चांगलाच होता?" आणि त्याचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. खोटं बोललो त्याचं त्याला काहीच नव्हतं. त्याची गाडी कधी एक दिवससुद्धा बिघडलेली नव्हती, याचाच त्याला आनंद झाला होता. इतकं सगळं होऊनही मला त्याचा हेवाच वाटला.

बेअरिंग पायथ्याच्या गावात मिळणार होतं. कुणीतरी गाडीपाशी थांबायला हवं होतं. मी थांबतो म्हणालो, तेव्हा कुणी नको म्हटलं नाही. माझी गाडी मी साडूला दिली. मेव्हणी त्याच्या मागे बसली. निघता निघता त्याने खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"तोवर एकदा नीट ऐकून ठेवा," तो म्हणाला. "आणखी काही बिघडलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं."

मंडळी वळणाआड गेली. टपरीवाला कप विसळत होता. मी किल्ली फिरवली, किक मारली. तिसऱ्या किकला चालू झाली. स्क्रूड्रायव्हर लावून मी गुडघ्यावर बसलो आणि खालून वर, पुढून मागे, इंच इंच ऐकत गेलो. साडू परत येईपर्यंत तेच करत होतो. दुसरा काहीच दोष सापडला नाही, आणि मी तो अगदी मनापासून शोधत होतो.