ओच्यातली डबी

गोळ्यांची डबी धोंडाबाईंनी ओच्यात खोवली आणि त्या पाळण्याशेजारी पाय पसरून बसल्या. त्यांची थोरली सून साखराबाई भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच उभी राहिली. गोळी घासाबरोबर घ्यायची, नाहीतर भोवळ येते, हे तिला दीड वर्षात पाठ झालं होतं.

सासूचं म्हणणं सरळ होतं. धाकटी सून धुरपता हिचं दूध आटलं, चारा नाही म्हणून म्हैस विकली, आणि डब्याच्या दुधावर त्यांचा भरवसा नव्हता. थोरलीच्या अंगावर तर लेकराशिवाय दूध यायचं. ते गोळीने आटवलं, म्हणून आता गोळी बंद करायची.

साखराबाईला आधी हसू आलं, मग तिचं डोकं तापलं. हेच दूध लग्नानंतर दुसऱ्या वर्षी चोळीवर दिसलं, तेव्हा ही माहेरी लेकरू टाकून आली असं गावभर याच बाईने केलं होतं. पाळी नाही, मूल नाही, चोळीत जुन्या कापडाच्या घड्या घालून तिने सहा-सात वर्षं काढली. डोकं ठणकायचं, तर सोंग म्हणत. या बाळाच्या बारशाला वांझेचा हात नको म्हणून तिला पाळण्याची दोरीसुद्धा धरू दिली नव्हती.

लातूर जिल्हा झाला, तिथल्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले. दोन्ही कडांचं दिसेनासं झालं म्हणून ती एकटीच गेली, तेव्हा कळलं की डोळ्यांच्या मागे बोराएवढी गाठ आहे आणि दूध तिच्यामुळे येतं. गोळी वर्षानुवर्षं घ्यायची, सोडली तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेल्या महिन्यात तिला इतक्या वर्षांनी पाळी आली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"चार दिस सोडल्यानं कुणी मरत न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या.

साखराबाईचा नवरा निवृत्ती उंबऱ्यात बसून चपलेचा अंगठा शिवत होता. त्याने मान वर केली नाही.

"माय म्हणती तर सोड की. लेकरू घरचंच हाय."

दीड वर्षात हा माणूस एकदाही तिच्याबरोबर लातूरला आला नव्हता. साखराबाईने पाळण्यातलं बाळ उचललं. आज तिला कुणी अडवलं नाही. तिने ते सासूपुढे धरलं, धोंडाबाईंनी दोन्ही हात पुढे केले, आणि तिने त्यांच्या ओच्यातून डबी काढून घेतली. घास चावून तिने गोळी तोंडात टाकली आणि वर टँकरचं गढूळ पाणी प्याली.

"आत्याबाई, माझे डोळे तुमच्या घरचे न्हाईत," ती म्हणाली. "दुपारच्या औशाच्या गाडीनं लेकराला लातूरच्या दवाखान्यात नेते. धुरपता संगं येईल. डाक्टर सांगंल ते दूध पाजायचं. कुणी आडवं यायचं न्हाई."

निवृत्तीचा दाभण थांबला.

मग तिने आपली पेटी उघडली. चोळीतल्या त्या घड्या धुऊन, नीट रचून तिने तळाशी ठेवल्या होत्या. कधीतरी आपल्या लेकराच्या खाली होतील, असं तिच्या मनात होतं. त्यातल्या निम्म्या तिने पाळण्यात अंथरल्या, सासूच्या हातातून बाळ घेऊन त्यावर निजवलं, आणि ते रडतच होतं, तशी पाळण्याची दोरी हातात घेतली.